न घेतलेला वास

आधी वास आला की आधी रिंग वाजली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या श्रावणात घाटकोपर स्टेशनवरून घरी येताना नेहमीच्या फुलवालीने वेणीबरोबर एक सोनचाफा वर दिला. "घ्या मावशी, वास बघा." मला हे सांगायची गरज नव्हती. फूल हातात आलं की माझा हात आपसूक नाकाकडे जातो, पन्नास वर्षांची खोड आहे. तेव्हाही गेला. कोवळा, ओलसर वास आत शिरला, डोळे अर्धे मिटले आणि पिशवीत फोन वाजला. जावयाचा, हितेशचा. "आई, गंधालीला ब्लीडिंग होतंय. आम्ही हॉस्पिटलला निघालोय." पाचवा महिना होता. त्याच्या आधीच्या खेपेला तिसरा होता. मी रिक्षा करून मुलुंडला पोचले तेव्हा फूल मुठीतच होतं. ते कचऱ्यात टाकलं, हॉस्पिटलच्या बेसिनवर तीनदा साबण लावला, तरी बोटांचा वास जाईना. मुलगी आत ओरडत होती आणि माझ्या बोटांना चाफा येत होता. तेव्हापासून तो क्षण मी मागेपुढे करून बघते. रिंग आधी वाजली असेल तर मी सुटले. वास आधी असेल तर, तर काय? फुलाच्या वासाने कुणाचं मूल जात नाही हे मला कळतं. पस्तीस वर्षं साड्यांना फॉल लावून मी मुलगी इंजिनियर केली, अगदीच अडाणी नाही. पण कळणं डोक्यात असतं, आणि ही गोष्ट नाकात जाऊन बसली होती.

आमच्याकडे हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लहानपणी देवगडकडे आजोळी गेलं की सकाळी परडी माझ्या हातात असायची आणि आई ओट्यावरून नजर ठेवून असायची. "हुंगू नको गो! हुंगलंस काय ता तुजा झाला, देवाक मगे काय रवला?" मी अनंत तोडायची, तगर, जास्वंद, आणि श्वास धरून घरात पळत यायची. एकदा मात्र राहवलं नाही. विहिरीमागे उभी राहून परडीतलं एकेक फूल हुंगलं, सगळी परडी, आणि काही न बोलता देवापुढे नेऊन ठेवली. आजीने ती फुलं वाहिली. मी दिवसभर वाट बघत होते, काहीतरी होईल, गाय मरेल, वीज पडेल. काही झालं नाही. देव तेव्हा गप्प बसला, एवढंच. विसरला असेल असं मी समजत होते.

या वेळी दिवस राहिले तेव्हा गंधालीने चार महिने होईपर्यंत कुणाला सांगितलंच नाही. पौषात डॉक्टरीणबाईंनी टाका घातला. गर्भाशयाचं तोंड आखूड आहे, वजन पेलत नाही, म्हणून टाका आणि बाळंत होईपर्यंत पलंग. उठायचं ते फक्त बाथरूमला. ती आत ऑपरेशन टेबलावर होती आणि मी बाहेर लोखंडी बाकड्यावर. माणूस अशा वेळी काहीतरी सोडतो. कुणी भात सोडतं, कुणी चहा. माझं गोड तर डायबेटिसच्या डॉक्टरने आधीच सोडायला लावलं होतं, आणि डॉक्टरने टाकलेलं देवाला कसं द्यायचं? मग माझ्याजवळ राहिलं काय? दागिना नाही, हौस नाही, सिनेमा नाही. ग्रीलमधल्या रंगाच्या डब्यांत वाढवलेला मोगरा, डोक्यातला गजरा, सकाळची परडी, एवढीच काय ती चैन. तेच देऊन टाकलं. बाबा, हे मूल हातात येऊ दे, तोवर फुलाचा वास घेणार नाही. डोक्यात माळणार नाही. आणि याही चैत्रात तुझ्या पालखीबरोबर शिर्डीपर्यंत चालत येईन. बोलून झालं आणि बरं वाटलं, पाठीवरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिल्यासारखं. नवस कुणाला सांगितला नाही. सांगितला की उतरतो, असं आई म्हणायची. फक्त नवऱ्याला कळलं, कारण घरात मोगरा फुलला की मी किचनचं दार लावून घ्यायला लागले. नवऱ्याचं नाव चंद्रप्रकाश. एरवी घेत नाही. साकीनाक्याच्या कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्यात जन्म गेला, सगळं मायक्रोमीटरने मोजायची सवय. ते म्हणाले, "काय गो, देव काय तुज्या नाकाशी येऊन बसलोहा? गजरो सोड, पण वास कसो सोडतलंस? तो तुका सोडूक होयो ना." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." ते गप्प बसले. ही त्यांची जुनी पद्धत, एक वाक्य खरं बोलायचं आणि मग पेपर उघडायचा.

आमच्या पदयात्रा मंडळात मी चोवीस वर्षं आहे. पाडव्याला निघायचं, रामनवमीला पोचायचं. पालखीच्या फुलांचं काम माझ्याकडे. रोज पहाटे मुक्कामावर टेम्पोतून टोपली उतरते, मी दोरा घेऊन बसते आणि पाऊण तासात हार तयार. मंडळातली मुलं मला फुलवाल्या काकू म्हणतात. खरं सांगायचं तर, आता सांगायला हरकत नाही, मी इतकी वर्षं चालत होते ती बाबांसाठी कमी आणि रस्त्यासाठी जास्त. वर्षभर खिडकीतून समोरच्या इमारतीचा पाइप दिसतो. त्या नऊ दिवसांत पळस, पांगारा, करवंदीची चांदणी, कुडा, शेताच्या बांधावरचा कडुनिंब, असं सगळं एकापाठोपाठ हजर होतं, जणू माझ्यासाठीच कुणी हारीने मांडून ठेवलंय. बायका नामजप करत चालायच्या आणि मी झाडं बघत चालायचे, ओठ मात्र त्यांच्याबरोबर हलते ठेवायचे. या वर्षी निघताना तोंडाला मास्क लावला. कोविडचे उरलेले निळे मास्क कपाटात होतेच. विचारलं त्यांना धुळीचं सांगितलं. पहिल्या पहाटे मास्कवरून रुमाल बांधून हार ओवला. झेंडू होता, गुलाब होता, मध्ये मध्ये हिरवा मरवा. बोटांना सगळं कळत होतं, पाकळ्यांचा थंडपणा, देठातलं पाणी. नाकापर्यंत काही येऊ दिलं नाही.

विक्रोळीच्या पुढे हायवेवर त्या गुलाबी झाडांची रांग लागली. वर पान नाही, नुसतं फूल, आणि खाली डांबरावर तितकीच पडलेली. दुचाकी थांबवून पोरंपोरी रील काढत होती. त्या फुलांना वास नसतो, निदान माझ्या लेखी नव्हता, म्हणून मी मान वर करून बघितलं. आणि मला आनंद झाला. काय करू? पोरगी तीन महिने पलंगावर आहे, मी तिच्यासाठी नवस फेडायला निघालेय, आणि घराबाहेर पडून दोन तास झाले नाहीत तर मला आनंद होतोय. लाज वाटली. मुलुंडला गंधालीची बिल्डिंग हायवेवरून दिसते, चौथा मजला. पालखीबरोबर पाऊल उचललं की नात्यातल्या कुणाच्या घरी शिरायचं नाही, हा आमच्या मंडळाचा नियम. मी वर बघितलं. तिचा पलंग पलीकडच्या खोलीत, खिडकी उघडते दुसऱ्या विंगच्या एसींवर. तिला हायवे दिसत नाही आणि मला ती. मी हात मात्र हलवला. मागून येणारा टेम्पोवाला मला म्हणाला, "चला काकू, कुणाला टाटा करताय?"

तिचा फोन दुपारच्या मुक्कामाला यायचा. तिच्या जेवणानंतर, माझ्याही. "आई, काय काय दिसलं?" हे दर वर्षीचं. लहान होती तेव्हा मी परत येऊन सांगायची, आता फोनवर. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "काही नाही गं. धूळ, ट्रक." दुसऱ्या दिवशी भिवंडीची गोदामं, तेव्हा खोटं बोलावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी शहापूर यायच्या आधी पळसांनी कहर केला होता. उताराला एक, मग सात-आठ, मग नुसता माळ, आणि सगळे पेटलेले. मी दुपारी फोनवर म्हटलं, "काही नाही गं, यंदा सगळं रुक्षच आहे." मग ती म्हणाली, "आई, मी तीन महिने समोरच्या एसीचं पाणी टपकताना बघतेय. मिनिटाला किती थेंब, ते पण मला पाठ आहे. तू बाहेर आहेस ना? तर बाहेरचं सांग ना यार मला. नाहीतर कशाला गेलीस?" असं ती कधी बोलत नाही. मी पटकन पळस सांगितला. काळी मखमली कळी, पोपटाच्या चोचीसारखं फूल, खाली पडलेलं वाळून कसं तपकिरी होतं, त्यात मुंग्या कशा शिरतात, सगळं. डोळ्यांचं मी सोडलं नव्हतं, सोडलं होतं ते नाकाचं. तिचा श्वास फोनमध्ये संथ झालेला मला ऐकू आला. "वास?" ती म्हणाली. "पळसाला वास नसतो," मी म्हटलं. "आणि बाकीच्यांना? करवंद फुललीत का? त्यांचा वास तर तू दर वर्षी सांगतेस." मी म्हटलं, "मला सर्दी झालीय गं. काहीच कळत नाही." त्यावर ती माझी काळजी करायला लागली. ताप आहे का, वाफ घेतेस का, परत ये वाटलं तर. जिला उठून पाणी घ्यायची मुभा नाही ती मला वाफ घ्यायला सांगत होती. फोन ठेवला आणि तिथेच, शाळेच्या व्हरांड्यात, बॅगेत तोंड घालून बसून राहिले.

द्रौपदीचं काय झालं ते सांगायला हवं. ती भांडुपच्या खाडीकडची कोळीण, आमच्या बाजारात मासे विकते, दहा वर्षं माझ्या पुढे चालते. मी तिच्या पावलावर पाऊल टाकायचं आणि तिने मागे न बघता गप्पा मारायच्या, हे ठरलेलं. डोक्यात फुलं असल्याशिवाय ती चालत नाही. सकाळी अबोली, दुपारी वाटेत मिळेल ते, कुडा, चाफा, अगदी काहीच नसलं तर जंगली मोगरीचा घोस. या वर्षी तिच्या मागे चालणं मला अशक्य झालं. वारा समोरून येतो आणि तिचा अंबाडा माझ्या नाकासमोर. मी आधी मास्क वर ओढला, मग चार पावलं मागे राहिले, मग दहा. शहापूरच्या पुढे ती एकदम थांबली आणि वळली. "माज्या आंगाला वास येतो काय गो? मावरा इकते मी, चोरी नाय करत." मी म्हटलं, "अगं नाही, धुळीचा..." "धूल मागच्या साली नव्हती? मागच्या साली माज्या डब्यातला बोंबील खाल्लास, तवा नाय आला वास?" काय सांगू? सांगितलं तर नवस उतरतो. तिला वाटतंय मला तिच्या माशांची किळस आली, आणि मला पळायचंय तिच्या मोगऱ्यापासून. मी तोंड उघडलं, मिटलं. तिने ते बघितलं आणि तिला हवं ते उत्तर मिळालं. त्या दिवसापासून ती रांगेच्या अगदी पुढे, पालखीजवळ चालायला लागली. मी मागे एकटी. असं माणूस तोडून देवाला काय मिळालं असेल, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, आणि लगेच कानाला हात लावला.

खर्डीच्या पुढे पहाटे मोहाने मला गाठलं. मोह वेगळाच. तो फुलासारखा येत नाही, तो आंबवल्यासारखा येतो, गोड, जड, अंगावर पडल्यासारखा. अंधार फिटत होता, रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया टोपल्या घेऊन पडलेली फुलं वेचत होत्या. मी मास्कवर रुमाल, रुमालावर पदर घेतला. तोंडाने श्वास घ्यायला लागले. तर तो तोंडातून आला. जिभेवर गोड लागला. डोळ्यांना पापण्या आहेत, तोंडाला ओठ आहेत, कानांत बोटं घालता येतात, पण नाकाला देवाने दारच ठेवलेलं नाही. नवऱ्याचं ते एक वाक्य आठवलं आणि त्यांचा राग आला. श्वास धरला, जसा परडी घेऊन पळताना धरायचे. पण तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि घर वीस पावलांवर होतं. आता अठ्ठावन्नची आहे आणि चढ होता. किती धरणार? सुटला. आणि जो श्वास आत आला तो काही मी आणला नाही, पण आला तो पोटभर आला, आणि त्या अर्ध्या क्षणात, खोटं का बोलू, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. तीन महिन्यांची तहान होती ती. मग मी जवळजवळ धावत तिथून निघाले. दुपारी फोन गंधालीचा आला नाही, हितेशचा आला. सकाळपासून थोडं स्पॉटिंग होतंय, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, इंजेक्शन दिलंय, घाबरू नका. "कधीपासून?" मी विचारलं. तो म्हणाला, "सकाळी पाच-साडेपाच असेल." मी "बरं" म्हटलं. मोह साडेपाचला होता.

त्या दिवशी घरी फोन लावला आणि नवऱ्याला म्हटलं, "मी परत येते." ते म्हणाले, "येऊन काय करतलंस? तिच्या पोटात हात घालून धरून ठेवतलंस काय?" मी रडायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "मी रोज जातंय मुलुंडाक. डबो घेऊन जातंय, तिच्या पायाशी बसान पेपर वाचतंय. ती झोपता, मीय झोपतंय. दोघांकय काय करूक येणा नाय गो. तू चाल." हे त्यांचं जन्मातलं सगळ्यात लांब बोलणं असेल. कसारा घाटात मी नाकपुड्यांना आतून बाम फासला. डोळे चुरचुरत होते, पण वाऱ्याला नुसता बामाचा वास. घाटात पांगारा लालभडक होता. दरीच्या बाजूने करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, इतक्या की वाटेत कुणी तांदूळ सांडलेत असं वाटावं. मी सगळं बघत होते, पाठ करत होते, दुपारी सांगायला. आणि मनात एक विचार घोळत होता, सरकती गाठ असते तसा, ओढला की घट्ट होणारा. मी नवस बोलले तेव्हा माझ्यापाशी जे सगळ्यात आवडतं होतं ते मी दिलं, असं मला वाटलं. पण ते नुसतं माझं होतं का? ती सहा वर्षांची असल्यापासून मी तिला रस्ता सांगत आलेय, आणि रस्ता म्हणजे वासच की. "आई, कुडा कसा येतो?" "कच्च्या दुधासारखा." "आणि करवंद?" "जाईच्या धाकट्या बहिणीसारखी." मी तिचं नाव गंधाली ठेवलं, यांना संगीता ठेवायचं होतं. तिचं होतं ते उचलून मी तिच्याचसाठी देवाला देऊन बसले, आणि आता ती मागतेय तर म्हणतेय सर्दी झाली. लोकाच्या परडीतलं फूल वाहिलं तर ते कुणाला पावतं? इगतपुरीला पाय सुजले होते. स्पॉटिंग थांबलं होतं. गंधाली फोनवर हसली देखील, "आई, तुझी सर्दी नाहीच का जात?" मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटतंय याची भीती वाटली.

घोटी सोडली की मुलूख बदलतो. डोंगर मागे राहतात, दोन्ही बाजूंना बागायत. टोमॅटोचे मांडव, डाळिंबाची लालचुटुक फुलं, शेडनेटमधले गुलाब. सहावा दिवस होता, ऊन नऊ वाजताच चटके देत होतं. पालखी पुढे होती, गजर नुसता हवेतून येत होता. डाव्या हाताला एक शेत होतं, कंबरेइतक्या उंच हिरव्या नळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढरा गोल गोंडा, मुठीएवढा. कांद्याचं बियाणं धरलेलं होतं. सगळं शेत मधमाश्यांनी गुणगुणत होतं. मी बघायला थांबले आणि फोन वाजला. या वेळेला तिचा फोन कधीच येत नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले. हातात फूल नव्हतं, नाकात बाम होता, मी काहीही केलेलं नव्हतं. मला हे पहिल्यांदा कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं, की बघा, या वेळी मी काहीही केलेलं नाही.

"आई." गंधालीच होती. मागे चाकांचा आवाज, कुणीतरी लिफ्ट, लिफ्ट म्हणत होतं. "आई, पाणी गेलं. टाका काढायला नेतायत. म्हणे आता थांबवता येत नाही." मी म्हटलं, "कितवा आठवडा?" मला माहीत होतं, तरी विचारलं. "अठ्ठावीस. डॉक्टर म्हणाल्या जगतात या वेळची. म्हणाल्या, जगतात काही." तिचे दात वाजत होते. "मी निघते," मी म्हटलं, "इथून गाडी करते, तीन तासांत..." "आई, ऐक. बाबा इथेच आहेत. तू आत्ता कुठे आहेस?" "घोटीच्या पुढे." "समोर काय आहे?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "गंधाली..." "समोर काय आहे ते सांग ना, आई. मला हे छतावरचे दिवे नाही बघायचे. सांग पटकन." मी म्हटलं, "कांद्याचं शेत आहे. फुललंय." "कांद्याला फूल येतं?" "येतं तर. गोल, पांढरं. एकेका गोंड्यात शंभर शंभर बारीक फुलं. चांदण्या जशा. मध्ये हिरवा ठिपका." "मधमाश्या आहेत?" "खूप. ऐक." मी फोन शेताकडे धरला. परत कानाला लावला तेव्हा ती रडत नव्हती. "वास कसा आहे?" ती म्हणाली. "कांद्याचाच का?"

इतके दिवस मी स्वतःला विचारत होते की आधी काय झालं. आता आधी-नंतर काही उरलं नव्हतं, सगळं एकाच वेळी होतं. लिफ्ट, चाकं, माश्या, माझे सुजलेले पाय. एका बाजूला शब्द होता, बाकड्यावर बसून दिलेला, आणि तो मोडला आणि पुढच्या तासाभरात काही झालं तर मी जन्मभर आधी वास की आधी ते घडलं असं म्हणत बसेन हे मला स्पष्ट दिसत होतं. चंद्रप्रकाशांना दिसलं असतं तर ते एक वाक्य बोलले असते. देव बोलत नव्हता. बोलत होती ती एकटी गंधाली. "आई? सर्दी आहे का अजून?" "नाही," मी म्हटलं. मी मास्क काढला. पदराच्या टोकाने नाक आतून पुसलं, बाम निघेपर्यंत पुसलं. बांधावरून शेतात उतरले. एका गोंड्यावरची माशी फुंकरीने उडवली, तो दोन्ही हातांत धरला आणि त्यात नाक खुपसून श्वास घेतला. आत जाईल तितका.

"कांद्याचा नाही गं," मी म्हटलं. "म्हणजे अगदी शेवटी आहे जरासा, लांबून कुणी फोडणी दिल्यासारखा. पण आधी मध आहे. कोमट मध. आणि त्याच्या खाली दूध... नाही, दूध नाही. ऊन आहे. चादर वाळत घातलेली असते ना आपण ग्रीलवर, दुपारची आत घेतो तेव्हा जशी लागते, तशी." "हं," ती म्हणाली. "अजून." मी दुसरा गोंडा धरला. "हा कोवळा आहे, निम्मा उमललाय. याचा हिरवा आहे. कोथिंबीर निवडल्यावर बोटांना..." "आई, थांब, ते..." आणि मग हितेश होता. "आई, आत नेलं तिला. मी फोन करतो." त्याने फोन ठेवला.

रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. द्रौपदी होती. रांगेत मी दिसले नाही म्हणून उलटी चालत आली असावी. "गो बाय, पालखी कुठच्या कुठं गेली..." म्हणता म्हणता थांबली. तिने माझं उघडं तोंड बघितलं, नाकाला लागलेले परागकण बघितले, हातातला फोन बघितला. मी म्हटलं, "गंधालीला आत नेलं. अठ्ठावीसच आठवडे झालेत." रस्त्याकडे वळून तिने हात वर केला, येणाऱ्या एका जीपला, मग दुसऱ्या. दोन्ही थांबल्या नाहीत. ती तशीच भर उन्हात हात वर करून उभी राहिली. मला जायचं होतं, धावायचं होतं, आणि धावायला काही नव्हतं. घाटकोपर नाही, मुलुंड नाही, शिर्डीही नाही. फोन मुठीत गप्प होता. मी तिसरा गोंडा हातात घेतला, मग चौथा, मग शेताच्या आत शिरले, जिथे दाट होते तिथे. एकेकाचा वास घेत गेले. पहिल्याचा वेगळा, पाण्याच्या पाटाशेजारच्याचा वेगळा, वाळत चाललेल्याचा आणखी वेगळा. नीट, घाई न करता, शब्द जुळवत. बाहेर आली की ती विचारेल.